सतरा नंबरच्या पगारे बाई

परवा पेपरात वाचलं, आमच्या जुन्या दवाखान्याच्या नव्या इमारतीला मोठ्या डॉक्टरांचं नाव देणार म्हणे. मी कप आपटला आणि मोठ्यांदा म्हणाले, "द्या, द्या! संडासालासुद्धा द्या!" सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, सासूबाईंना झटका बिटका आला. झटका कसला? राग आला होता. तरुणपणी नोकरीपायी गिळलेला राग म्हातारपणी वर येतो, त्याला मी काय करू?

डॉक्टरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी भिंतीवर वाचावं. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांचं नाव कुठल्या भिंतीवर यायचं नाही. तारामती पगारे. नाशिकरोडकडच्या एका नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. आमच्या रजिस्टरात तर त्यांना नावही नव्हतं, नुसता नंबर होता. सतरा.

बाई ठेंगण्या, पण आवाज असा की रस्त्यावरून जाणारा माणूस आपल्यालाच हाक मारली म्हणून थबकायचा. सुती पातळ, बाराही महिने छत्री, आणि पाठ कधी बाकाला टेकायची नाही. सगळ्यांना आडनावानं हाक मारायची सवय. मला पहिल्याच दिवशी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मी म्हटलं, "मालपुरे." तेव्हापासून मी मालपुरे. मला दोन मुलं होती, तिशी उलटली होती, पण त्यांच्यापुढे उभी राहिले की नखं कापलीत का ते आधी बघायचे.

आणि डूख धरावा तर बाईंनी. रविवार कारंजावरच्या एका भाजीवाल्यानं त्यांना एकदा किडकी वांगी दिली. दुसरी कुणी असती तर भांडून मोकळी झाली असती. बाई भांडल्या नाहीत. कारंजावर गेल्या की त्या त्याच गाडीपुढे थांबायच्या, एक वांगं उचलायच्या, उलटंसुलटं करून उजेडात धरायच्या, हळूच मान हलवून खाली ठेवायच्या आणि शेजारच्या गाडीवरून वांगी घ्यायच्या. चार वर्षं! गिऱ्हाइकं बघायची आणि तीही शेजारी सरकायची. शेवटी त्यानं हात जोडले. "बाई, चार शिव्या घाला, पण हे रोजचं थांबवा." बाई म्हणाल्या, "मी कुठं काय बोलले? मी तर नुसती बघते." हा किस्सा त्यांनीच मला सांगितला, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू.

आता नाशिकच्या त्या दवाखान्याचं सांगते. मी तिथे कारकून होते. आणीबाणीच्या आधीचं वर्ष असेल. मनाच्या आजारावर एक नवी गोळी निघाली होती, आणि ती लोकांना मानवते का हे तपासायचं काम मोठ्या डॉक्टरांनी घेतलं होतं. त्यासाठी आपणहून पुढे येणारी माणसं हवी होती. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली ते त्यांना माहीत नाही आणि आम्हालाही नाही, ती यादी मुंबईला बंद पाकिटात. दर मंगळवारी या माणसांनी यायचं, मी खिडकीतून त्यांना ठरलेले प्रश्न विचारायचे, झोप कशी, भूक कशी, रडू येतं का, हातपाय, मान, तोंड, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते चार असा आकडा द्यायचा. काहीच त्रास नाही तर शून्य, फार त्रास तर चार. बाहेर लांब बाक होता, त्यावर सगळे ओळीनं बसायचे.

बाईंचे यजमान वर्षभरापूर्वी गेले होते, आणि तेव्हापासून त्यांची झोपच उडाली होती. वर्गात मधेच भरून यायचं. मग मुलांना दिसू नये म्हणून त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि मुलांना पाढे म्हणायला लावायच्या. हेही त्यांनी मला असं सांगितलं, जसं दुसऱ्याच कुणाचं सांगताहेत.

संमतीचा कागद इंग्रजीत होता. बाकीच्यांनी न वाचता अंगठे दिले, सह्या केल्या. बाईंनी चष्मा लावला, अख्खा कागद वाचला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "तीन गोष्टी विचारायच्यात. गोळीनं अपाय झाला तर बघणार कोण?"

"आम्हीच की."

"मधेच सोडावं वाटलं तर?"

"खुशाल सोडा."

"आणि शेवटी काय निघालं, ते आम्हाला सांगणार का? का आमच्यावर प्रयोग आणि आम्हालाच पत्ता नाही?"

डॉक्टर हसले. हसणं गोड होतं त्यांचं, तेव्हा मलाही आवडायचं. "बाई, तुम्ही मास्तरीण की वकील?"

"मास्तरीणच. म्हणूनच म्हणते, हे तिन्ही कागदाच्या मागं मराठीत लिहून द्या. खाली सही."

डॉक्टरांनी गंमत म्हणून लिहून दिलं. अहवाल छापून आला की प्रत देऊ, हेही लिहिलं. बाईंनी त्या कागदाची नक्कल करून घेतली, तिच्यावर पुन्हा त्यांची सही घेतली, आणि मग स्वतःची केली.

मी नंतर विचारलं, "बाई, एवढी शंका होती तर नाव कशाला दिलंत?" तेव्हा त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी आई अशीच गेली, मालपुरे. दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायची. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. तिला खांबाला बांधून ठेवायचे. तिला काय होत होतं हे कुणी एका ओळीतही लिहून ठेवलं नाही. माझं तरी लिहा. खरं लिहा म्हणजे झालं." मी मान डोलावली. त्या मानेची मला आज लाज वाटते.

सुरुवातीचे मंगळवार मजेत गेले. बाईंनी बाकाचा वर्ग करून टाकला. प्रत्येकाच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवायच्या आणि चौकशी सुरू. त्यात नऊ नंबर म्हणजे घोटीचा लक्ष्मण, भाताच्या गिरणीत हमाली करणारा. आडदांड माणूस, पण बोलायला गरीब. मी काहीही विचारलं की उत्तर एकच, "बरं हाय." झोप? बरं हाय. भूक? बरं हाय. रडू येतं का? "बरं हाय."

आणि लक्ष्मणच कशाला, सगळेच तसे. आपल्याकडच्या माणसाला डॉक्टरच्या तोंडावर त्रास सांगायचा संकोच वाटतो. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी खपतोय आणि आपण त्याच्यापुढे रडगाणं गायचं? मीही मुकाट्यानं शून्य, शून्य लिहीत जायची. मोठे डॉक्टर कागद बघून खूश व्हायचे.

एका मंगळवारी बाई बाकावरून ओरडल्या, "लक्ष्मण, मागं वळून बघ."

"आँ?"

"नुसती मान वळव."

मान वळेना. लक्ष्मण कमरेतून सगळाच्या सगळा वळला.

"हे बरं हाय?" बाई कडाडल्या.

लक्ष्मण ओशाळला. "बाई, सायेब येवढं करत्यात आपल्यासाठी. त्यांच्या तोंडावर नाय कसं म्हनायचं? कुनाच्या घरी जेवलो तर भाजी खारट व्हती म्हनतो का आपन?"

"अरे, हे जेवण नाही, परीक्षा आहे! आणि परीक्षा तुझी नाही, त्या गोळीची आहे. तू खोटं सांगितलंस तर नापास गोळी पास होईल. उद्या ती तुझ्या पोरीला देतील, तेव्हा काय करशील?"

पुढच्या मंगळवारपासून मात्र जी उत्तरं यायला लागली, विचारू नका. कुणाची मान आखडलेली, कुणाच्या पायाला बसल्या जागी ताल धरल्यासारखं, बावीस नंबरला लाळ आवरत नाही. माझ्या कागदावरची शून्यं भराभर तीन आणि चार व्हायला लागली. बाईंचं स्वतःचंही तेच. उजवा हात कापायला लागला होता, आणि तोंड सारखं काही चघळल्यासारखं हलायचं. "हात, चार लिही," त्या म्हणायच्या. "तोंड, तीन. थांब, चारच कर. काल वर्गात जिभेनं ताळ सोडला, पोरं फिदीफिदी हसली." लाजायच्या नाहीत. खरं सांगतोय याचा त्यांना उलट अभिमान होता.

मग तो मंगळवार आला. मोठ्या डॉक्टरांनी मला रजिस्टर घेऊन आत बोलावलं. लाल शाईचं पेन माझ्यापुढे ठेवलं. "नऊ, सतरा आणि बावीस. यांच्या नंबरापुढे रेघ मार आणि लिही, पुढे आले नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, पगारे बाई बाहेर बाकावर बसल्यात."

त्यांनी मान वर केली नाही. "मला दिसत नाहीत. तुला दिसतात?"

घरात कमावणारी मी एकटी होते. हे कारण आहे, माफी नाही. मी तीन रेघा मारल्या आणि तीनदा लिहिलं, पुढे आले नाहीत. माझ्याच अक्षरात. बाहेर बाईंचा आवाज ऐकू येत होता, त्या लक्ष्मणला दाण्यांची सालं जमिनीवर थुंकू नकोस म्हणून दटावत होत्या. नंतर डॉक्टरांनी तिघांना आत बोलावून गोड शब्दांत सांगितलं की तुमचं काम संपलं, गोळी बंद करा, त्रास आपोआप जाईल. लक्ष्मणनं वाकून नमस्कार केला.

त्रास गेला नाही. बाईंचा हात तसाच राहिला. फळ्यावर अक्षर काढताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायच्या.

अहवाल छापून आला तेव्हा आणीबाणी उठली होती. डॉक्टर तो शब्द विसरले होते, बाई विसरल्या नव्हत्या. सही केलेली नक्कल घेऊन आल्या आणि प्रत घेऊन गेल्या. डॉक्टरांना वाटलं, प्राथमिक शाळेची मास्तरीण, संमतीचा कागद वाचला म्हणून काय अख्खा इंग्रजी अहवाल वाचणार! बाईंनी डिक्शनरी घेऊन तो ओळीओळीनं वाचला. गोळी सुरक्षित आहे, फारसा अपाय आढळला नाही, असा निष्कर्ष. आणि शेवटच्या तक्त्यात सतरा नंबरपुढे, पुढे आली नाही.

बाई माझ्या खिडकीशी आल्या. कागद काचेवर टेकवला. "मालपुरे, हे कुणी लिहिलं?"

"मुंबईला छापलं बाई, मला काय माहीत."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं हजेरी घेतेय मी. पोरांना मारलं असेल, कान पिळले असतील. पण समोर बसलेल्या पोराला कधी गैरहजर लावलं नाही. आणि हे... आणि लक्ष्मणला मी खरं बोलायला लावलं गं. तो आपला बरं हाय म्हणत होता तेच बरं होतं."

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला त्या आल्या. केसपेपर काढला, म्हणजे त्यांना बाहेर काढायची सोय राहिली नाही. मोठ्या डॉक्टरांचं दार आणि माझी खिडकी यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि छत्री जमिनीवर टेकून वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "सतरा नंबर, हजर!"

सगळी ओपीडी वळून बघायला लागली. बाई शांतपणे बाकावर बसल्या, दाणे खाल्ले आणि तासाभरानं निघून गेल्या. त्यांची शाळा दुपारची असायची.

त्यानंतर दर मंगळवारी. पावसात, परीक्षेच्या दिवसांत, पाय सुजला होता तेव्हा काठी घेऊन. डॉक्टर आधी हसले. मग चिडले. मग त्यांनी बाहेरच्या रुग्णांचा वार बदलून गुरुवार केला. बाई गुरुवारी आल्या. डॉक्टरांनी मागच्या दारानं ये-जा सुरू केली, तर बाईंचा आवाज मागच्या दारापर्यंत पोचत होता, त्यांना जागचं हलायचीही गरज पडली नाही. भाजीवाल्याची चार वर्षं मला आठवली आणि मनातल्या मनात मी म्हटलं, साहेब, तुम्ही मेलात. लक्ष्मणला सवड झाली की तोही घोटीहून यायचा. मान ताठ ठेवून बाईंशेजारी उभा राहायचा आणि खाली बघत म्हणायचा, "नऊ नंबर, हाय."

तुम्हाला वाटेल, डॉक्टर एवढे मोठे, ते हे सहन करतील? केलं नाही. त्यांनी शिक्षण मंडळाला पत्र पाठवलं की या शिक्षिका मनोरुग्ण आहेत, त्यांना मुलांमध्ये ठेवणं धोक्याचं. ते पत्र मी टाईप केलं नव्हतं, एवढंच काय ते माझं पुण्य. शाळेनं बाईंना वर्गातून काढलं आणि पुस्तकांच्या कपाटाशी बसवलं. वर्ग गेला त्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा मला वाटलं, आज रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आता काय, तपासायला वह्या नाहीत, सकाळभर मोकळीच आहे. दोन तास बसत जाईन." आणि बसायला लागल्या.

त्यांच्या वस्तीतल्या विहारातले एक वयस्कर गृहस्थ एकदा त्यांना समजवायला दवाखान्यापर्यंत आले होते. "ताई, वैर वाढवू नये. आपली शिकवण काय आहे?" बाई म्हणाल्या, "दादा, शिकवण मला पाठ आहे, मीच शिकवते ती रविवारी पोरांना. वैर वाढवू नये हे खरंच. पण त्यांनी खोटं लिहिलंय ते खोडू द्या आधी, मग मी मैत्रीचं बघते." ते गृहस्थ दाणे खाऊन परत गेले.

मग एक दिवस मुंबईहून चार माणसं आली. त्याच गोळीवर आता मोठा अभ्यास करायचा होता, जिल्हाभरातली माणसं घेऊन, आणि त्यासाठी आमचा दवाखाना बघायला ती आली होती. दहा वाजले. बाहेर आवाज झाला, "सतरा नंबर, हजर!" चष्म्यातल्या एका माणसानं विचारलं, ह्या कोण? डॉक्टर हसून म्हणाले, जुनी रुग्ण आहे, डोक्यानं गेलीय. पण तो माणूस चिवट होता. त्यानं बाईंना आत बोलावलं. बाईंनी कापणारा हात टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"ही बाई दुसऱ्याच महिन्यात सोडून गेली," डॉक्टर म्हणाले. "मालपुरे, ते रजिस्टर आणा."

मी आणलं. पान उघडलं. लाल रेघ सगळ्यांनी बघितली. चष्म्यातल्या माणसानं मला विचारलं, "तुम्हाला काय आठवतं? ह्या येत होत्या का?"

त्या खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये लिहिलंय तसंच असेल, सर."

बाई पुढे वाकल्या. ते पान त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. त्या माणसानं रजिस्टर मिटलं आणि पुढचा विषय काढला.

मला वाटलं, संपलं. पण बाईंनी त्यांचं काम केलं. नव्या अभ्यासासाठी सुरगाण्याकडून, सटाण्याकडून माणसं यायला लागली, बाकावर बसायला लागली, आणि बाकावर बाई होत्याच. डॉक्टरांच्या माणसानं कागद पुढे केला की जो तो म्हणायचा, मागं लिहून द्या. सटाण्याची एक म्हातारी तर हातच मागे बांधून बसली. "बाईनी सांगेल शे, मांगे लिखी द्या, तवय अंगठा देसू." लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. महिनाभरात ते काम नाशिकातून हललं. डॉक्टरांचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं झालं होतं. मी घरी जाऊन शिरा केला, खोटं कशाला सांगू.

पण रजिस्टरातली रेघ तशीच राहिली, अहवालही तसाच, आणि गोळी इतरत्र चालतच राहिली. बाईही येतच राहिल्या. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी येत होत्या. लक्ष्मण मात्र एका पावसाळ्यानंतर यायचा थांबला. घोटीचा एक जण सांगत आला की तो गेला. त्या आठवड्यात बाईंनी दोनदा आवाज दिला. आधी त्याचा नंबर, मग स्वतःचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मोठे डॉक्टर अचानक गेले. शोकसभा मोठी झाली. हार घातलेला फोटो, उदबत्त्या, पहिल्या रांगेत पुढारी. एकेक जण उठून देवमाणूस, देवमाणूस करत होता. शेवटच्या रांगेत बाई बसल्या होत्या, पाठ खुर्चीला न टेकता. तोंड हलत होतं. लोकांना वाटत असेल, काहीतरी पुटपुटते आहे म्हातारी.

अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का. काय अंगात आलं कोण जाणे, मी उठले. माईकपाशी जायचाही धीर नव्हता, जागेवरूनच बोलले. सगळं सांगितलं. नऊ, सतरा, बावीस. ती माणसं येत होती, रोज... प्रत्येक मंगळवारी येत होती. रेघ साहेबांनी मारायला लावली, मारली मी. छाती अशी हलकी झाली होती! आणि मी, देवा शप्पथ सांगते, बाईंकडे वळून बघितलं ते त्यांनी शाबासकी द्यावी म्हणून.

बाई उभ्या राहिल्या.

"बस खाली, मालपुरे," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला काय लागतं?"

मी बसले. बाई छत्री घेऊन बाहेर पडल्या. मी थोडी भानावर आले आणि त्यांच्या मागे धावले. त्या बसस्टॉपवर उभ्या होत्या.

"बाई, मला माफ करा. मी तेव्हा घाबरले होते. तुम्हाला माहीत नव्हतं, पण ते माझंच..."

"माहीत नव्हतं?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. "वर्षभर माझ्यासमोर बसून लिहीत होतीस. मास्तरणीला अक्षर ओळखू येत नाही होय? मुंबईची माणसं आली त्या दिवशी पान बघितलं आणि कळलं."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत..."

"दर आठवड्याला बोलत होते. तुला काय वाटलं, त्यानंतर मी तुझ्या साहेबांना ऐकवायला येत होते? त्यांचे कान केव्हाच बंद झाले होते. तुझी खिडकी उघडी होती. म्हटलं, आज उठेल, उद्या उठेल, रजिस्टर घेऊन बाहेर येईल आणि म्हणेल, हो, ह्या आल्या होत्या. सहा वर्षं म्हणत होते." त्यांचा जबडा जोरजोरात हलायला लागला, त्यांनी तो हातानं दाबून धरला. "त्या दिवशी तू बोलली असतीस तर लिहिलं गेलं असतं. लक्ष्मण जिवंत होता तेव्हा. आता तो आला होता हे कुणाला सांगशील? त्या हार घातलेल्या फोटोला?"

मी नुसती रडत होते. बाईंनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही.

बस आली. पायरी उंच होती, आणि बाईंच्या उजव्या हाताला दांडा धरवेना. हात दांड्याला लागायचा आणि सुटायचा. मी चटकन पुढे झाले, हात पुढे केला. त्यांनी तो बघितला. नीट बघितला. मग मान हळूच हलवली, वर उभ्या असलेल्या कंडक्टरकडे हात केला आणि म्हणाल्या, "बाळा, जरा धर रे."

तो अनोळखी पोरगा खाली वाकला आणि त्यांना वर घेऊन गेला. बस निघाली. माझा हात तसाच पुढे राहिला होता.

बरं केलंत, बाई.